मोराचा पिसारा आणि वाटाण्याचा हिशेब

आनुवंशिकता आणि लैंगिक निवड हे दोन विषय आपल्याला सहसा वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. पहिला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांसोबत, मार्कांपुरता. दुसरा पक्षिनिरीक्षकांच्या गप्पांत, मोर का नाचतो या प्रश्नाच्या निमित्ताने. हे पुस्तक दोघांना एकत्र आणतं, आणि माझ्या मते ते एकत्रच शिकवायला हवेत. आईबापांकडून पिलांकडे नेमकं काय जातं हे ठाऊक नसेल, तर मादीने एक नर पसंत केला आणि दुसरा नाकारला म्हणून पुढच्या पिढीत काय बदललं, हे सांगता येत नाही. आणि कोण कुणाला निवडतं हे पाहिलंच नाही, तर वारशाचं गणित नुसतं गणित उरतं. जीवशास्त्राच्या इतिहासात ही दोन टोकं जुळायला सत्तर वर्षं लागली.

चार्ल्स डार्विनच्या हाती यातलं एकच टोक होतं. जगायला उपयोगी पडणारे गुण टिकतात आणि अपायकारक गळतात, हे त्याने १८५९ साली मांडलं, आणि मोराने त्याला लगेच अडवलं. एवढा पिसारा घेऊन धड उडता येत नाही, बिबट्याच्या तावडीतून निसटणं कठीण. मग तो टिकला कसा? अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना १८६० मध्ये लिहिलेल्या पत्रात, मोराचं पीस नजरेला पडलं की आपल्याला मळमळतं, अशी तक्रार त्याने केली आहे. सविस्तर उत्तर यायला १८७१ उजाडलं. ‘द डिसेंट ऑफ मॅन’ हे त्या ग्रंथाचं नाव माणसाच्या उगमाचं, पण त्याची बरीचशी पानं किडे, मासे, पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या जोड्या कशा जुळतात यावर खर्च झाली आहेत. डार्विनचं म्हणणं असं की नराचे काही गुण जगण्यासाठी नसतातच, जोडीदार मिळवण्यासाठी असतात. सांबराची शिंगं दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी आणि मोराचा पिसारा लांडोरीने पसंत करावं म्हणून.

झुंजीचा भाग त्या काळच्या इंग्लंडला लगेच पटला. लांडोरीच्या पसंतीचा पटला नाही. मादी पारखते, बहुतेकांना नाकारते, आणि तिच्या या नकारांतून नराचं रूप पिढ्यानपिढ्या घडत जातं, हे मान्य करणं विद्वानांना जड गेलं. यात पुरुषी अहंकार होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. नैसर्गिक निवडीचा डार्विनइतकाच हक्काचा मानकरी असलेला आल्फ्रेड रसेल वॉलेस यानेही मादीची निवड नाकारली, आणि त्याचा प्रश्न रास्त होता. माद्यांना ही आवड आली कुठून, आणि हजारो पिढ्या ती एकाच दिशेने टिकली कशी? डार्विनपाशी याला उत्तर नव्हतं. पक्ष्यांना सौंदर्याची जाण असते, एवढंच तो सांगू शकला.

त्याची दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. गुण पुढे जातात हे दिसत होतं, कसे जातात ते कळत नव्हतं. तेव्हाची सर्वमान्य समजूत अशी की आईचा आणि बापाचा वारसा दुधात पाणी मिसळावं तसा मिसळून जातो. असं असेल तर एखाद्याला लाभलेला नवा गुण दर पिढीला निम्म्याने पातळ होणार आणि निवडीच्या हाती काही लागण्याआधीच संपणार. फ्लीमिंग जेन्किन या ब्रिटिश अभियंत्याने १८६७ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. डार्विनने १८६८ मध्ये वारशाविषयी एक कल्पना मांडली की शरीराच्या सगळ्या भागांतून सूक्ष्म कण सुटतात आणि जननपेशींत गोळा होतात. ती साफ चुकीची होती. गंमत अशी की ज्या ग्रंथात ही कल्पना आहे त्याच ग्रंथात त्याच्या स्नॅपड्रॅगनच्या फुलांवरच्या प्रयोगाचे आकडेही आहेत. नेहमीच्या आकाराची फुलं आणि वेगळ्या आकाराची फुलं यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळी नेहमीची आली. त्यांच्या बियांतून उगवलेल्या १२७ रोपांपैकी ८८ नेहमीची, ३७ वेगळी आणि २ मधली निघाली. एका पिढीत दिसेनासा झालेला आकार पुढच्या पिढीत जसाच्या तसा परतला होता. मिसळलेलं दूध असं पुन्हा वेगळं होत नाही. आकडे समोर होते, आणि डार्विन त्यांच्यावरून पुढे गेला.

ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत ग्रेगर मेंडेल मात्र अशाच आकड्यांपाशी थांबला होता. १८५६ ते १८६३ या काळात त्याने सुमारे २८ हजार वाटाण्याची रोपं वाढवली आणि सात गुण निवडून त्यांचा पिढीवार हिशेब ठेवला. दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. यातून त्याने काढलेला निष्कर्ष आजही या शास्त्राचा पाया आहे. प्रत्येक गुणामागे दोन घटक असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. ते एकमेकांत विरघळत नाहीत. प्रभावी घटक सोबत असला की अप्रभावी दिसत नाही, पण तो शाबूत असतो आणि जननपेशी बनताना पुन्हा सुटा होतो. १८६५ मध्ये मेंडेलने हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं, आणि पुढची ३४ वर्षं त्याचं महत्त्व फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९०० साली तीन युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी त्याच्यापाशी पोचले, तोवर मेंडेलला जाऊन १६ वर्षं झाली होती.

न दिसणारा घटकही शाबूत असतो, हे पटवायला मुंबईचं एक उदाहरण वाटाण्यापेक्षा सरस आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका अनोख्या रक्तगटाची नोंद केली. आज तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे रक्तगट ज्या पायाभूत रेणूवर उभे राहतात तो ‘एच’ रेणूच या माणसांच्या रक्तपेशींवर तयार होत नाही, कारण त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. साध्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ गटाचा वाटतो. पण त्याच्याकडे बी गटाचा जनुक असू शकतो, आणि तो मुलात गेला, शिवाय दुसऱ्या पालकाकडून एच मिळाला, की मूल सरळ बी गटाचं निघतं. आईबाप दोघेही कागदावर ओ, आणि मूल बी. अशा कागदाच्या जोरावर कुणाच्या पितृत्वावर शंका घेणं किती अज्ञानाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. एका जागचा जनुक दुसऱ्या जागच्या जनुकाला झाकू शकतो, हा धडा मेंडेलच्या पुढचा आहे आणि तो आपल्या घरचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे अमूर्त घटक गुणसूत्रांवर सापडले. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने १९०५ मध्ये भुंगेऱ्यांच्या एका जातीत दाखवलं की नर की मादी हे शुक्रपेशीतलं गुणसूत्र ठरवतं. माणसातही तसंच आहे. शंभराहून अधिक वर्षांचा हा निष्कर्ष. तरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आजही आहेत, आणि गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये करावा लागला तो महाराष्ट्रालाच. थॉमस हंट मॉर्गनने १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या एका फळमाशीवरून विशिष्ट गुणाचा पत्ता विशिष्ट गुणसूत्रावर लावला. माणसाच्या २३ जोड्यांतून प्रत्येकी एक गुणसूत्र उचलून जननपेशी बनते, म्हणजे एका व्यक्तीत ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारच्या जननपेशी संभवतात, आणि जोडीतल्या गुणसूत्रांची आपसातली अदलाबदल धरली तर हा आकडाही थिटा पडतो. चौऱ्याऐंशी लाख योनींच्या आकड्याच्या इतक्या जवळ जाणारं उत्तर पाहून कुणी पूर्वजांच्या ज्ञानावर व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तयार करू नये, एवढीच विनंती.

पण उंचीचं काय? माणसं नुसती उंच आणि बुटकी अशी दोनच प्रकारची नसतात. मेंडेलचे अनुयायी आणि मोजमापं घेणारे संख्याशास्त्रज्ञ यांच्यात यावरून काही वर्षं कडाक्याचं भांडण चाललं. ते मिटवलं रोनाल्ड फिशरने, १९१८ च्या एका लेखात. मेंडेलच्या नियमाने वागणारे अनेक जनुक प्रत्येकी थोडा थोडा परिणाम करत असतील तर दिसताना गुण सलगच दिसणार, हे त्याने गणिताने सिद्ध केलं. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित सुमारे १२ हजार जनुकीय फरक हाती आले, तेव्हा फिशरचा ‘अनेक’ किती मोठा होता ते कळलं.

याच फिशरने १९३० च्या ग्रंथात वॉलेसच्या प्रश्नाला उत्तर दिलं. या पुस्तकाचा कणा तेच उत्तर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा काही माद्यांना किंचित लांब शेपटीचे नर आवडतात. त्यांच्या मुलांना बापाची लांब शेपटी मिळते, आणि मुलींना आईची आवड. मुलांमध्ये आवडीचे जनुक झाकलेले असतात आणि मुलींमध्ये शेपटीचे, पण दोन्ही एकाच शरीरात, एकत्र प्रवास करतात. आता दर पिढीला लांब शेपटीचा नर निवडला जातो तेव्हा त्याच्यासोबत ती आवडही नकळत निवडली जाते. आवड वाढली की शेपटी वाढते, शेपटी वाढली की आवड. शिकाऱ्यांमुळे होणारं नुकसान फायद्याच्या वरचढ होईपर्यंत ही घोडदौड थांबत नाही. वारशाचे घटक विरघळणारे असते तर हे घडलंच नसतं. डार्विनचं कोडं सोडवायला मेंडेल लागला, तो असा.

आणि तरीही पुढची चार दशकं या कल्पनेकडे मोजक्याच अभ्यासकांनी लक्ष दिलं. त्याच सुमारास, अलिबागजवळच्या किहीमला, हाताला नोकरी नसलेले सलीम अली पावसाळाभर सुगरणींची एक वसाहत न्याहाळत होते. बहिणाबाईंची सुगरण आपल्या पिलांसाठी खोपा विणते, आणि मराठी मनात तीच ठसली आहे. किहीमच्या झाडावर वेगळं दिसलं. घरटं विणतो नर, तेही अर्धंच. माद्यांचा थवा येतो, आत शिरून, ओढून-ताणून तपासतो. एखादीला पसंत पडलं तर ती तिथेच मुक्काम ठोकते, मग नर ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरं घरटं सुरू करतो. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मादी खरंच पारखते का, अशी शंका पंडितांच्या वर्तुळात अजून जिवंत होती त्या काळातलं हे लेखन आहे. त्याला सिद्धान्ताची भाषा नाही, पण पुरावा पुरेसा आहे.

१९७० नंतर चित्र पालटलं आणि निरनिराळे पंथ उभे राहिले. इस्रायलच्या आमोत्स झहावींनी १९७५ मध्ये सुचवलं की पिसारा हे मुद्दाम पत्करलेलं ओझं आहे. एवढं ओझं घेऊन जो जगला तो दणकट असणारच, म्हणून मादीने त्याच्यावर विश्वास ठेवावा. गणितज्ञांनी आधी हे उडवून लावलं, नंतर काही अटींवर स्वीकारलं. विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी १९८२ मध्ये झळाळत्या पिसांचा संबंध परजीवींपासून मुक्त असण्याशी जोडला. तिसरा पंथ म्हणतो की नराने मादीच्या इंद्रियांत आधीपासून असलेल्या ओढीचा फायदा उठवला, त्यात दणकटपणा वगैरे काही शोधू नये. पनामातल्या तुंगारा बेडकांच्या आवाजावरचं मायकल रायन यांचं काम याचा आधार. चौथ्याला सरळ व्यवहार दिसतो: चांगली जागा, चांगलं घरटं, पिलांना घास. सुगरण बहुधा इथेच बसते.

प्रयोगांत मला सर्वांत देखणा वाटतो तो माल्टे अँडरसन यांचा. केनियात लांब शेपटीच्या विडोबर्डच्या नरांची शेपटी सुमारे अर्धा मीटर असते. त्यांनी काहींची कापली, कापलेले तुकडे दुसऱ्यांना चिकटवले, आणि काहींची कापून परत तीच जोडली, म्हणजे कापाकापीचाच परिणाम तर होत नाही ना हे कळावं. वाढीव शेपटीच्या नरांच्या हद्दीत जास्त घरटी झाली. निसर्गात नसलेली लांबीसुद्धा माद्यांना आवडली. खुद्द मोराबाबत मात्र वाद मिटलेला नाही. मॅरियन पेट्री यांना इंग्लंडमधल्या मोरांत पिसाऱ्यावरच्या डोळ्यांची संख्या आणि यश यांचा संबंध आढळला, तर २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांना सात वर्षं पाहूनही तो आढळला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी झाडावरच्या रातकिड्यांत तर चक्क चलाखी पकडली. लहान चणीचे, कमी आवाजाचे नर पानाला भोक पाडून त्यात बसून गातात, पानामुळे आवाज मोठा होतो, आणि माद्या फसतात. गुणवत्तेची जाहिरात प्रामाणिकच असते असं मानणाऱ्यांनी या किड्यांचं गाणं ऐकावं. माझा स्वतःचा कल असा की कुठलाही एक पंथ सगळीकडे लागू करण्याचा हट्ट सोडून जातीगणिक पाहावं. पुस्तकाच्या लेखिका झहावींकडे झुकल्या आहेत, वाचकाने ते ध्यानात ठेवावं.

कोण निवडतं आणि कोण मिरवतं, हेही ठरलेलं नाही. अँगस बेटमन यांनी १९४८ मध्ये फळमाश्यांवरून काढलेला निष्कर्ष, की जास्त जोड्या जमवण्याचा फायदा नरालाच होतो, कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत निर्विवाद राहिला. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा कळलं की ओळख पटवायला वापरलेल्या उत्परिवर्तनांमुळे काही पिलं मोजणीआधीच मरत होती, त्यामुळे हिशेब मुळातच तिरपा होता. आपल्या तळ्यांवरच्या कमळपक्ष्यांत मादी मोठी, ती अनेक नरांशी जुगते, आणि अंडी उबवतो नर. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर लंगुरांचा अभ्यास केला, तेव्हा नव्याने टोळी काबीज करणारा नर आधीच्या पिलांना मारतो हे तर त्यांनी नोंदवलंच, शिवाय माद्या अनेक नरांशी संबंध ठेवून पितृत्व धूसर करतात, असंही सुचवलं. निमूट, लाजाळू मादीचं जुनं चित्र त्यानंतर टिकणं कठीण होतं. निरीक्षक बदलले की निरीक्षणं बदलतात, याचं या विषयाइतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हे सगळं मराठीत आत्ता का वाचायचं? गडचिरोली आणि नंदुरबारच्या आरोग्य केंद्रांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं समुपदेशन रोज चालतं. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. याचा अर्थ एक मूल आजारी झालं की पुढची तीन सुरक्षित, असा नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. हा जनुक टिकला कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे कळलं तर आजाराला चिकटवलेला कलंकही थोडा सैल होईल. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले, तिथे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली, ते निर्धास्त झाले आणि त्यांच्या गळ्याचा रंग मात्र फिकटला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वीज कुठे बनवायची या निर्णयाचे धागे सरड्याच्या प्रेमप्रकरणापर्यंत पोचतात. आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, आनुवंशिकता तेवढी ठेवली. या पुस्तकाच्या मांडणीकडे पाहिलं की अर्धं ठेवणं म्हणजे काय, ते उमगतं.

वारशाच्या नावाखाली माणसांची प्रतवारी लावण्याचा मोहही जुना आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. वंशागणिक कवटीच्या ठेवणीत फरक पडतो, असं या फिशर यांचं गृहीतक होतं. मोजमापांत ते सापडलं नाही, आणि कर्वेंनी सापडलं नाही असंच लिहिलं. लेखिकेने हा प्रसंग पुस्तकात घेतला याचं मला विशेष अप्रूप आहे, कारण माणसाच्या जोडीदार-निवडीवरचं प्रकरण त्यांनी त्याच सावधपणाने लिहिलंय. मोरावरून थेट लग्नाच्या बाजारावर उडी मारण्याचा सोपा मार्ग टाळला आहे.

पुस्तक बिगरविज्ञान वाचकासाठी आहे. गणिताची पानं वेगळ्या चौकटींत आहेत, ती वगळली तरी धागा तुटत नाही; रोनाल्ड फिशरची चौकट मात्र पेन्सिल घेऊन सोडवावी. एक उणीव सांगायला हवी. मेंडेलचा वाटाणा पहिल्या पानापासून आहे, पण वनस्पतींमधल्या निवडीला जागा जेमतेम मिळाली आहे. एकाच फुलाच्या कुक्षीवर पडलेल्या परागकणांच्या नलिकांमध्ये शर्यत लागते, शिसमाच्या शेंगेत टोकाकडचं बीज आपल्याच भावंडांची वाढ रोखतं; हे दुसरं काम तर बंगळूरच्या गणेशय्या आणि उमाशंकर यांचं आहे. पुढच्या आवृत्तीत त्यावर एक स्वतंत्र प्रकरण असावं, असं मी लेखिकेला सांगितलं आहे, आणि त्यांनी शेंगा गोळा करायला सुरुवात केली आहे.